साखरेच्या पाण्याचा हिशेब

वस्तूची किंमत निराळी आणि तिची उपयुक्तता निराळी, असे आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना अकरावीतच शिकवतात. मला मात्र तो धडा कळला देवास जिल्ह्यातील सतवासला, मावशीच्या घरी.

मे २०२५ च्या सुट्टीत आम्ही तेथे असताना मावशीच्या नातवाला उलट्या-जुलाब सुरू झाले. मीच धावत जाऊन ‘ओआरएस’ अशी अक्षरे छापलेला, फळाच्या चवीचा महागडा खोका आणला. पोराने तो गटागटा पिऊन लगेच ओकून टाकला. मग शेजारच्या आशाताई आल्या. त्यांनी फुकट मिळणारी सरकारी पुडी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवली, दहा मिनिटे थांबल्या आणि दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा पाजायला सांगितले. संध्याकाळी पोर उठून बसले.

ही पुडी उलटी बंद करीत नाही. गेलेले पाणी व क्षार भरून काढते. लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ व थोडे इतर क्षार, हे तिचे प्रमाण. आतड्यात ग्लुकोज मिठाला सोबत घेऊन रक्तात शिरते व मागोमाग पाणी जाते. साखर फार झाली तर पाणी उलट आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. १९७१ साली बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज-मिठाच्या पाण्यावरच कॉलऱ्याचे असंख्य रोगी वाचविले.

मग माझ्यासारखा शिकलेला मुलगा का फसला? महाग तेच औषध, असे आपल्या मनाने घेतले आहे म्हणून. प्रमाणात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ही अक्षरे वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, हे योग्यच झाले. पण कायदा दुकानापर्यंत पोचतो, स्वयंपाकघरापर्यंत नाही. तेथे आपणच पोचले पाहिजे.

पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. काहीच पोटात ठरत नसेल, लघवी थांबली असेल किंवा मूल मलूल पडले असेल, तर तडक डॉक्टरकडे जावे.

मराठीत ‘माप’, कन्नडमध्ये ‘अळते’. या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांनी एवढा एक हिशेब पाठ करावा. ताळेबंदात चूक झाली तर गुण जातात. येथे मूल जाते.