मुक्कामाची उंची छापा

लडाख सहलीच्या पत्रकात नाश्त्याला काय मिळेल ते छापलेलं असतं, खोलीत गिझर आहे की नाही तेही असतं. रात्री आपण किती उंचीवर झोपणार, एवढंच नसतं. मी टूर मॅनेजर आहे, ठाण्या-डोंबिवलीची मंडळी घेऊन दर उन्हाळ्यात लेहला जाते. माझं म्हणणं, गिझरचं एक वेळ राहू द्या, उंची छापा.

लेह साडेतीन हजार मीटरवर. हवेत ऑक्सिजन मुंबईसारखाच २१ टक्के, पण हवेचा दाबच मुंबईच्या दोनतृतीयांश, त्यामुळे दर श्वासाला हाती कमी लागतं. शरीर मग श्वास वाढवतं. त्यात कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्तातलं आम्ल घटतं आणि वाढलेल्या श्वासाला लगाम बसतो. तो सैल करायचं काम मूत्रपिंडांचं. रक्तातलं बायकार्बोनेट ती लघवीवाटे टाकत राहतात. याला काही दिवस लागतात. म्हणून पहिल्या रात्री काकू सारख्या उठतात आणि सकाळी विचारतात, "ताई, मला शुगर तर नसेल ना?" काकांचा श्वास झोपेत काही सेकंद थांबतो, मग धापेसारखा सुरू होतो, आणि काकू ते मोजत जाग्या. बहुतेकदा शरीर उंचीशी जुळवून घेत असतं, इतकंच.

कोरोनापासून ऑक्सिमीटर प्रत्येकाच्या पर्समध्ये. ८८ दिसलं की हॉटेलभर धावपळ. लेहला पहिल्या दिवशी ८८ म्हणजे नेहमीचंच. मी आकड्याबरोबर माणूस बघते: जेवण जातंय का, सरळ रेषेत चालता येतंय का, बसल्या जागी धाप लागतेय का. (कापराची पुरचुंडी हुंगून नाक मोकळं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन तसूभर वाढत नाही. हे सांगितलं की दरवेळी कुणीतरी रुसतं.)

आपल्या लष्करी डॉक्टरांनी १९६९ मध्ये १,९२५ जवानांच्या पर्वतीय आजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. तंदुरुस्त जवानालाही लष्कर पहिल्या टप्प्यावर सहा दिवस थांबवतं, त्यातले पहिले दोन विश्रांतीचे. आमचे साठीचे काका दुसऱ्या दिवशी विचारतात, "हॉटेलात बसायला पैसे भरलेत का?"

सगळे घाबरतात खारदुंग ला या खिंडीला. तिथे फोटो काढून पंधरा-वीस मिनिटांत निघायचं असतं, आणि पलीकडचं नुब्रा तर लेहपेक्षाही खाली. खरा धोका पँगाँग सरोवराकाठच्या तंबूतल्या रात्रीचा. उंची सुमारे ४,२५० मीटर. जागेपणी निभतं ते झोपेत निभेलच असं नाही, कारण झोपेत श्वास मंदावतो. मध्यरात्री कुणाच्या फुप्फुसांत पाणी झालं तर मुख्य उपाय म्हणजे ताबडतोब खाली. पण लेहला परतायच्या नेहमीच्या वाटेवर चांग ला ही खिंड आहे, पाच हजार मीटरच्याही वर. खाली यायला आधी चढायचं!

तरी 'लेकसाइड टेंट' ठळक अक्षरांत विकला जातो, कधी तिसऱ्याच रात्री. मुक्कामासमोर उंची छापली तर बुकिंग घटेल, असं आमच्या धंद्यातले म्हणतात. घटू दे. पँगाँग बघायचंच असेल तर सहलीच्या अखेरीला ठेवा, आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर दिवसाउजेडी बघून संध्याकाळी लेहला परता. रस्त्यात दहा-अकरा तास जातात, कंबर मोडते. मी माझ्या ग्रुपला हेच करायला लावते आणि त्याबद्दल बोलणीही खाते.