अवघड शब्द वर्गाबाहेर का?

आपल्या वर्गातल्या मुलांना फळे, रंग, वार आणि आकडे छान येतात. दुखण्यांची, शरीराच्या भागांची, झाडापाल्यांची नावे मात्र 'अवघड' म्हणून आपण पुढच्या वर्षावर ढकलतो. बऱ्याच मुलांच्या बाबतीत ते पुढचे वर्ष येतच नाही. हे मला पटत नाही.

उन्हाळ्यात भारतातून आजी-आजोबा लव्हालला येतात. दवाखान्यात नर्स फ्रेंच बोलते, आई-बाबा कामावर असतात आणि दुभाषी म्हणून उभी राहते दहा वर्षांची नात. (मुलांवर हे काम टाकू नये, हे खरेच, पण वेळ येते.) आजी म्हणते, "पोटऱ्यांत गोळे येतात." नातीला 'पोट' माहीत आहे, 'पोटरी' नाही. दुखणे पायाचे आणि तपासणी पोटाची! कळ, चमक, ठणका, मळमळ, घेरी यांचेही तेच. कळ येऊन जाते की सारखा ठणका लागतो, हे डॉक्टरला कळायला हवे. नुसत्या 'दुखतंय'ने ते कळत नाही. आणि 'कळ'चा 'कल' झाला, तर आजीलाही कळणार नाही.

शब्द लांब दिसला तरी फोडून दाखवला की मुलांना गंमत वाटते. धनुर्वात म्हणजे शरीर धनुष्यासारखे वाकवणारा वात. नागीण या आजारात अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखे पुरळ उठते. मराठीने त्यात नागीण पाहिली, फ्रेंचने कमरपट्टा. त्यांचा 'झोना' हा शब्द पट्टा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. (नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, ही नुसती अफवा. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू नसांमध्ये दडून राहतो आणि पुढे कधीतरी जागा होतो, तीच नागीण.)

झाडांचेही तसेच. ऑगस्टमध्ये आपल्यातल्या निम्म्या घरांना शिंका आणणारी 'एर्ब आ पू', म्हणजे शब्दशः उवांचे झुडूप, सर्वांच्या ओळखीची आहे. तिचे शास्त्रीय नाव लिनियसने १७५३ मध्ये दिले: अँब्रोसिया आर्टेमिसिफोलिया. ग्रीक अँब्रोसिया म्हणजे देवांचे अन्न. तो शब्द आणि आपले 'अमृत' मुळात एकाच घरचे. उरलेल्या भागाचा अर्थ आर्टेमिसियासारख्या पानांची, आणि आपण देवाला वाहतो तो सुगंधी दवणा आर्टेमिसियाच! म्हणजे आपल्याला नाक पुसायला लावणारी ही बाई 'दवण्याच्या पानांची अमृता' आहे. एवढे सांगितल्यावर कोणते मूल हे नाव विसरेल?

आता उच्चार. 'जखम' आणि 'जठर' दोन्ही एकाच 'ज'ने लिहितात, पण जखमेचा ज दातांमागे जीभ टेकवून म्हणायचा आणि जठराचा टाळूला लावून. जुलाब, जांभूळ, जाई, जुई यांचा ज जखमेसारखा, चाफ्याचा चही तसाच दातांमागचा. लिपीत हा फरक दिसत नाही, म्हणून कानावर पडायला हवा. मुलांना हा आवाज जमणार नाही असे म्हणणाऱ्यांनी त्यांचे फ्रेंच ऐकावे. पॅरिसचा माणूस 'मार्दी' म्हणतो, आपली मुले 'मार्द्झी' म्हणतात; 'पती' नव्हे, 'पत्सी'. क्युबेकच्या फ्रेंचने तो आवाज त्यांना आधीच शिकवला आहे! फक्त नियम उलटा: तिथे तो 'ई'च्या आधी येतो, आपल्याकडे 'ई' आली की सहसा पळतो. 'माझा' आणि 'माझी' मोठ्याने म्हणून पाहा.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक वर्गात दहा मिनिटे, एक शब्द शरीराचा आणि एक झाडाचा. यादी टाइप करायला मी तयार आहे. पालकांनी आपापल्या घरचे शब्द पाठवावेत. कोकणातले, वऱ्हाडातले, सगळे चालतील. फोनवर आजीला विचारून आणलेल्या शब्दाला पहिला मान. सुरुवात 'पोटरी'ने करू.