गांडुळाचा पंचनामा कोण करणार?

नदीत मेलेले मासे तरंगले की वृत्तपत्रे धावतात. गांडूळ विषारी झाले तर सरकारी पंचनाम्यात त्याला रकानाही नाही. रायगड जिल्ह्यात रसायनी येथे हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीने अनेक वर्षे डीडीटी बनविले. हिवतापापासून त्याने असंख्य गरिबांचे प्राण वाचविले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु हे द्रव्य मातीत वर्षानुवर्षे टिकते आणि तेथून गांडुळाच्या अंगात साठत जाते. गांडूळ बहुधा त्याने मरत नाही, हीच खरी मेख! अमेरिकेत फवारलेल्या एल्म वृक्षांची गळालेली पाने गांडुळांनी खाल्ली, आणि मेले ते गांडुळे टिपणारे रॉबिन पक्षी. रेचेल कार्सन यांनी हे १९६२ साली जगापुढे मांडले. आपल्याकडे शेतीतील डीडीटीवर बंदी आली १९८९ साली. कारखाना सार्वजनिक क्षेत्रातला म्हणून आपण मौन पाळावे, हा कसला समाजवाद? मालकी जनतेची, तर जाब विचारण्याचा हक्कही जनतेचाच. रसायनीची पाताळगंगा धरमतर खाडीला मिळते. त्या नदीकाठची व खाडीलगतच्या खारजमिनींची माती, तिच्यातील जिवांसह, सरकारने तपासावी आणि निष्कर्ष मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. पेण-अलिबागच्या कार्यकर्त्यांनी ही मागणी येत्या ग्रामसभांतच मांडावी.