मंद फिल्मची बाजू

फोटोच्या फिल्मच्या बाबतीत ‘वेग’ हा शब्द मोठा फसवा आहे. फिल्म काही धावत नाही. थोड्या उजेडात जिचे भागते ती वेगवान, आणि पोटभर उजेड वाढल्याशिवाय जी पानावरून उठत नाही ती मंद, एवढाच त्याचा अर्थ. डबीवर ४०० आकडा असला तर ती अल्पाहारी. २५ असला तर तिला त्याच्या सोळापट उजेड लागणार.

मग असली खादाड पाहुणी कॅमेऱ्यात आणावी कशाला? याचे उत्तर स्वयंपाकघरात मिळते. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे कण असतात. कण मोठे असले की उजेड चटकन धरतात, पण चित्र रवाळ उमटते. मंद फिल्मचे कण मैद्यासारखे. तिच्यावरचा फोटो भिंतीएवढा केला तरी आजीच्या लुगड्याचा काठ जागच्या जागी राहतो. झडप जास्त वेळ उघडी ठेवता येत असल्यामुळे घाटातला धबधबा पिंजलेल्या कापसासारखा दिसतो, म्हणूनही हौशी मंडळी तिच्यावर लुब्ध असतात. मला त्या कापसाचे फारसे कौतुक नाही.

मला मोल वाटते ते कागदांच्या नकलेचे. आमच्या मामांनी १९८२ साली आजोळच्या माडीवर मोडी कागदांचे दोन रुमाल कोडॅकच्या पॅनॅटॉमिक-एक्स या ३२ वेगाच्या फिल्मवर उतरवून घेतले. एकेका कागदाला सेकंदभर झडप उघडी ठेवावी लागे. तेवढ्यात माडीच्या फळ्या हलल्या तर अक्षर फिसकटलेच. म्हणून काम चालू असेतो कुणी जिन्याला पाय लावायचा नाही अशी ताकीद होती, असे आई सांगे. पुढे त्या रुमालांना वाळवी लागली. कागद गेले, निगेटिव्ह राहिल्या. आज त्या भिंगाखाली धरल्या तर लिहिणाऱ्याने बोरू कुठे पुन्हा शाईत बुडवला तेसुद्धा कळते. एका खरेदीखतावर कुळाच्या सहीच्या जागी नांगराची निशाणी आहे आणि शेजारी कुणा बाईची बांगडीची. ती बांगडी मोहरीएवढी आहे. रवाळ फिल्मवर तिचा नुसता ठिपका झाला असता.

हे काम आज स्कॅनर चुटकीसरशी करतो, हे कबूल. पण त्याची नक्कल वाचायला पुन्हा यंत्र हवे. निगेटिव्हला खिडकी पुरते.

मंद फिल्मचा घात डिजिटल कॅमेऱ्याने केला असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. पॅनॅटॉमिक-एक्स बंद झाली १९८७ साली. तेव्हा डिजिटल कॅमेरा कुणाच्या घरी होता? त्याच्या आदल्याच वर्षी कोडॅकने १०० वेगाची टी-मॅक्स काढली. तिचे कण चपट्या वड्यांसारखे, म्हणून वेग तिप्पट असूनही चित्र बारीक. तिपाई न लावता काम होत असेल तर कोण लावील? डिजिटलने उरलेसुरले आवरून टाकले, इतकेच. कोडॅकची टेक्निकल पॅन २००४ साली गेली. क्रोएशियातला फोटोकेमिका कारखाना २०१२ साली बंद पडला आणि त्याच्याबरोबर एफ्के २५ गेली. आपल्याकडे उटकमंडला १९६० साली स्थापन झालेली सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स होती. तिची ‘इंदू’ही आता आठवणीपुरतीच.

राहिल्यात त्या थोड्या. इल्फर्डची ५० वेगाची पॅन एफ प्लस मिळते, अॅडॉक्सची २० वेगाचीही निघते. पण दोन्ही बाहेरून यायच्या, आणि भाव सांगून ऐन सणात घरात वाद नको. गंमत अशी की, या पॅन एफची एक तऱ्हा आहे. फोटो काढल्यावर ती धुवायला फार दिवस ठेवली तर उमटलेले चित्र फिके पडू लागते. तीन महिन्यांच्या आत धुवा, असे कंपनीच सांगते. मंद म्हणवणाऱ्या बाईला घाई ही अशी!

सध्या दोन रिळे आमच्या फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या भांड्यामागे आहेत. मामींच्या माळ्यावर आणखी एक रुमाल निघाला आहे आणि त्याच्या कडांना भोके दिसू लागली आहेत. भाऊबीज झाली की तिपाई घेऊन जायचे ठरवले आहे. माडीवर लहान मुले तीन आहेत, त्यांचा बंदोबस्त मात्र मामींनी करायचा.