नाते घरचे, हिशोब मात्र परक्याचा

भात झोडून झाले, वाल पेरले, हातात चार पैसे आले की एखाद्या जोडधंद्याचा विचार डोके वर काढतो. अंबाडी नाक्यावर चहा-वडापावची गाडी, पिठाची गिरणी, कोंबड्यांची शेड, नाहीतर मंडपाचे सामान. भिवंडी-वाडा रस्त्याची वर्दळ आहे, वज्रेश्वरी-गणेशपुरीचे भाविक आहेत, तेव्हा गिऱ्हाईक मिळेल. अडते ते भांडवलापाशी. आणि बँकेच्या आधी आपण भावाचे, मेहुण्याचे, शाळेतल्या दोस्ताचे दार ठोठावतो. त्यात गैर काहीच नाही.

पण पैसे उसने की भागीदारीत, परत कधी द्यायचे, हे कोणी बोलत नाही. 'घरचाच आहे, लिहायचे काय?' म्हणून सोडून देतो. धंदा चालला की मेहुणा म्हणतो, मी भागीदार. बसला की म्हणतो, माझे पैसे आण. मग गणपतीत एका पंगतीला बसणारी दोन घरे एकमेकांचा उंबरा चढत नाहीत.

नात्याच्या बळावर धंदे उभे राहतात, हे खरेच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत शिकवण्याची नोकरी करीत असताना तेथून सायकली बेळगावला धाडत आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत. १८८८ साली सुरू झालेल्या या दुकानातूनच पुढे लोखंडी नांगराचा कारखाना झाला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे नांगर लवकर खपेनात, तरी भावांची जोडी फुटली नाही. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली आणि किर्लोस्करवाडी वसली. भाऊ नुसता पैशापुरता नव्हता, त्याच्याकडे नेमून दिलेले काम होते, हे ध्यानात घ्या.

दुसरे उदाहरण शेजारणींचे. गिरगावात १९५९ साली सात जणींनी उसन्या ८० रुपयांवर पापड लाटायला घेतले. तोटा आला तरी देणगी मागायची नाही, हे त्यांनी आधीच ठरवले होते. तेच आजचे लिज्जत.

आता सरकारी योजनेचे पाहू. २०२० साली केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी जी योजना आणली, तिच्यात ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवले आणि स्वतःचा वाटा किमान १० टक्के. म्हणजे ३ लाखांच्या यंत्राला ३० हजार आपले. हे ३० हजार बहुधा नात्यातूनच येतात, आणि आपण सांगून मोकळे होतो, 'अनुदान आले की देतो.' पण ते अनुदान हातात मिळत नाही. ते बँकेत राहते आणि कर्ज ३ वर्षे नीट फेडले, धंदा चालू राहिला, तरच कर्जात वळते होते. त्याच्या भरवशावर मेहुण्याला वायदा करू नका.

तेव्हा चार गोष्टी पाळा. एक, कागदावर रक्कम, तारीख आणि उसने की वाटा, एवढे लिहून दोघांनी सह्या करा. दोन, परतफेडीचा हप्ता भात विकल्यानंतरचा ठेवा, भर पावसाळ्यातला नको. तीन, दुकानाची वही घरखर्चापासून वेगळी ठेवा. भावकीलाही उधारी नको, धंदा बुडतो तो बहुतेक तिथेच. चार, घरच्या बाईचे दागिने मोडायचे असतील तर आधी तिचा होकार घ्या आणि धंद्यात तिचे नाव लावा.

गावच्या कारभाऱ्यांनाही विनंती आहे. उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी कोणा एजंटाला पैसे देऊ नका, हे ग्रामसभेत सांगा. बचत गटातल्या बायकांना वही लिहायची सवय असते, त्यांना नवीन धंदेवाल्यांसमोर बोलवा.

भाऊ मदतीला आला तर त्याचे उपकार माना, पण कागद करायला लाजू नका. धंदा पुन्हा उभा करता येतो, तुटलेला भाऊ जोडायला मात्र फार वर्षे लागतात.