कच्चे बिल, पक्के बिल

मागच्या महिन्यात आमच्या न्हाणीघराच्या फरश्या बदलायचे काम निघाले. गळती खालच्या मजल्यापर्यंत पोहोचली होती, तेव्हा चालढकल करण्याची सोय उरली नव्हती. फरश्या निवडायला जाताना मी शेजारच्या मावशींना सोबत नेले. मावशी ख्रिस्ती, माहेर नगर जिल्ह्यातले, वय सत्तरीच्या पुढे. रंगाची आणि भावाची त्यांना अशी पारख की दुकानदार त्यांचा चेहरा बघूनच आकडा खाली आणतो.

फरश्या, नळ, शॉवर सगळे धरून ३५,००० रुपये झाले. दुकानदाराने कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला आणि आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेला प्रश्न विचारला, “ताई, बिल पक्कं करू की कच्चं? पक्कं केलंत तर अठरा टक्के वर पडतील.”

अठरा टक्के म्हणजे ६,३०० रुपये. गवंड्याची जवळजवळ आठवडाभराची मजुरी! माझ्या ओठांवर “कच्चंच करा” आलेच होते. खरे सांगायचे तर स्वयंपाकघराच्या कामाच्या वेळी मी तेच म्हटले होते, आणि त्याबद्दल मला कधी झोप लागली नाही असे मुळीच झाले नाही.

मावशी म्हणाल्या, “पर्समधून एक नोट काढ बघू. चित्र कोणाचं आहे तिच्यावर?”

“गांधीजींचं, आजी,” दुकानदारच हसून म्हणाला. “दुसरं कोणाचं असणार?”

“तेच म्हणते मी,” मावशी म्हणाल्या आणि पिशवी उचलून उठल्या. आम्ही उद्या येतो असे सांगून बाहेर पडलो.

रिक्षात माझी कुरकुर सुरू झाली. आधी पगारातून कर कापला जातो, मग उरलेला पैसा खर्च करताना पुन्हा कर. आणि मिळते काय? आमच्या गल्लीतला रस्ता दोन पावसाळ्यांपासून उखडलेला आहे. रिक्षावाले आत यायला नकार देतात. “ज्यांना आपला रस्ता करता येत नाही, त्यांना मी पैसे का द्यायचे?” मी विचारले.

“रोमचे रस्ते उत्तम होते,” मावशी शांतपणे म्हणाल्या. “म्हणून काय पिलात न्यायी होता?”

मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री मावशींचे बायबल मागून आणले आणि त्यांनी खूण घालून दिलेली पाने वाचत बसले. आम्ही काही ख्रिस्ती नव्हे. शाळेत असताना कराविषयीचे येशूचे ते प्रसिद्ध उत्तर म्हणून तेवढे कानावर पडले होते. राज्याचे राज्याला, देवाचे देवाला. धर्म आणि राजकारण यांची सोयीस्कर वाटणी, अशी माझी समजूत होती. नीट वाचल्यावर कळले की तिथे वाटणीपेक्षा बरेच काही घडले आहे.

प्रसंग जेरुसलेमच्या मंदिराच्या आवारातला. येशूला शब्दात पकडण्यासाठी परुशी आणि हेरोदी मिळून येतात. या जोडीतच गंमत आहे. परुशी धर्मशास्त्राचे कडवे पालन करणारे, तर हेरोदी रोमच्या मेहेरबानीवर गादी टिकवणाऱ्या राजघराण्याचे पाठीराखे. एरवी ही माणसे एका पंगतीला बसली नसती. ती येशूची आधी तोंडभर स्तुती करतात आणि मग विचारतात की सम्राटाला कर देणे योग्य आहे का. होय म्हटले तर तो लोकांच्या नजरेतून उतरणार, नाही म्हटले तर रोमन सुभेदाराकडे राजद्रोहाची फिर्याद जाणार.

हा प्रश्न त्या काळी किती स्फोटक होता हे कळायला थोडे मागे जावे लागते. इसवी सन ६ मध्ये रोमने यहूदिया प्रांत थेट आपल्या अमलाखाली घेतला आणि सिरियाचा सुभेदार क्विरीनिय याने कर बसवण्यासाठी लोकांच्या मालमत्तेची नोंदणी सुरू केली. तेव्हा गालीलचा यहूदा नावाचा एक माणूस बंड करून उठला. देव हाच आपला एकमेव धनी आहे, रोमला कर देणे म्हणजे दुसरा धनी पत्करणे, असे त्याचे म्हणणे होते. योसेफस या यहुदी इतिहासकाराने हे नोंदवून ठेवले आहे. येशू त्या वेळी लहान मुलगा असेल, आणि तोही गालीलचाच. म्हणजे देवाची सत्ता मोठी की राजाची, हा वाद तिथे ग्रंथातला नव्हता. त्यापायी माणसे मेली होती.

येशू काय करतो? नाणे दाखवा म्हणतो. त्याच्याजवळ ते नव्हते असे दिसते. विचारणाऱ्यांच्या कमरेला मात्र होते, तेही मंदिराच्या आवारात! नाणे म्हणजे देनारियस, चांदीचा, साधारण एका दिवसाच्या मजुरीइतका. त्यावर बहुधा तिबेरियस सम्राटाचा मुखवटा होता आणि भोवती अक्षरे होती की हा देवपद पावलेल्या ऑगस्टसचा पुत्र. मूर्ती निषिद्ध मानणाऱ्या आणि एकच देव मानणाऱ्या समाजाच्या हातात रोज खेळणारे हे नाणे! चित्र कोणाचे, असे विचारून येशू त्यांच्याच तोंडून सम्राटाचे नाव वदवतो, आणि मग आपले उत्तर देतो.

मूळ ग्रीक शब्दांत एक बारकावा आहे. विचारणाऱ्यांनी साधे ‘देणे’ हे क्रियापद वापरले आहे. येशूच्या उत्तरातले क्रियापद मात्र ‘परत देणे, फेडणे’ अशा अर्थाचे आहे. ज्याचे नाणे वापरता, ज्याच्या बाजारात उभे राहता, त्याचे देणे तुमच्या अंगावर आहेच, ते फेडा. आणि देवाचे जे असेल ते देवाला फेडा. देवाचे काय, हे तो सांगत नाही. ते ऐकणाऱ्यांना सांगायची गरजही नसावी, कारण त्यांच्या धर्मग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात देवाने माणूस स्वतःच्या प्रतिरूपाचा घडवल्याचे आले आहे. पुढे इसवी सन २०० च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुलियन या लेखकाने हा धागा स्पष्ट जोडला. नाण्यावर सम्राटाची प्रतिमा, म्हणून नाणे सम्राटाचे. माणसावर देवाची प्रतिमा, म्हणून माणूस देवाचा.

हे वाचून मी थोडा वेळ थांबले. सम्राटाच्या वाट्याला या उत्तरात एक नाणे येते, आणि नाणे खिशात बाळगणारा माणूस त्याच्या हाती लागत नाही. म्हणजे कर चुकवायची सवलत नाही, पण राजाने स्वतःला देव म्हणवून घ्यायचीही सवलत नाही. देनारियसवरच्या त्या अक्षरांना असे उत्तर भर मंदिरात देणे हे धाडसच होते.

त्याची किंमतही मोजावी लागली. काही दिवसांतच त्याला पिलातापुढे उभे केले तेव्हा, लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे, आरोपांतला एक हाच होता की हा माणूस सम्राटाला कर देऊ नका असे शिकवतो. धडधडीत खोटे. आणि योहानाच्या शुभवर्तमानात पिलात जेव्हा आपल्या अधिकाराचा धाक घालतो, तेव्हा येशू त्याला ऐकवतो की तुला वरून मिळाला नसता तर माझ्यावर तुझा काडीचा अधिकार चालला नसता. अन्यायाने मरणाची शिक्षा देणाऱ्या माणसाचाही अधिकार तो देवाकडून आलेला मानतो. हे मला अजून पचलेले नाही. दुसऱ्या दिवशी मावशींना तसे सांगितले तर त्या म्हणाल्या, “मला कुठं पचलंय? पण एक बघ, वरून मिळालेलं असलं की वर हिशेबही द्यावा लागतो.”

पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रातल्या तेराव्या अध्यायाचे हेच दुखणे आहे. सत्ताधाऱ्यांना देवाने नेमले आहे, त्यांच्या अधीन राहा, कर भरा, असे तो सांगतो. थेट बसवलेला कर आणि मालावरची जकात, दोन्हींची वेगवेगळी नावे घेऊन सांगतो. पत्र साधारण इसवी सन ५७ चे, गादीवर नीरो. रोममध्ये तेव्हा जकात वसूल करणाऱ्या मक्तेदारांविरुद्ध ओरड चालू होती, इतकी की ५८ साली असे कर सरसकट उठवून टाकावेत असे नीरोच्याच मनात आले आणि ज्येष्ठांनी त्याला आवरले, असे टॅसिटस लिहितो. लोक कुरकुरत होते तेव्हाच पौल भरा म्हणत होता.

या अध्यायाचा पुढे राज्यकर्त्यांनी मनसोक्त वापर केला. जर्मनीत हिटलरच्या काळात अनेक धर्मगुरूंनी त्याच्याच आधाराने मान तुकवली. पण मे १९३४ मध्ये बार्मेन या गावी जमलेल्या इतर काहींनी जाहीरनामा काढून बजावले की न्याय आणि शांतता राखणे हे राज्याला देवाने नेमून दिलेले काम आहे, माणसाचे सगळे जीवन व्यापून टाकणे हे नव्हे. पौलही राज्यकर्त्याला देवाचा सेवक म्हणतो. त्याच्या डोक्यावर कोणीतरी आहे, हे त्या शब्दातच आले. बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाची दानीएलच्या पुस्तकातली गोष्ट याच चालीची. महालाच्या गच्चीवर उभा राहून ‘हे सगळे मी उभारले’ म्हणणारा तो राजा पुढे भ्रम होऊन बैलासारखा गवत खात हिंडला.

आता नोटेवरच्या चित्राकडे येते. ज्यांचे चित्र आपण रोज हाताळतो, त्या गांधीजींनीही येशूच्या या उत्तरावर लिहिले आहे. मार्च १९३०. साबरमतीहून निघालेली दांडीयात्रा वाटेत होती. त्याच दिवसांत ‘यंग इंडिया’त त्यांनी नाण्याच्या प्रसंगाचा अर्थ लावला. सम्राटाच्या नाण्यांवर व्यवहार करायचा, त्याच्या राज्याचे फायदे घ्यायचे आणि कर मात्र नाकारायचा हे कसे जमेल, असे येशूने ढोंग्यांना सुनावले, असे त्यांचे म्हणणे. यावरून त्यांनी कर भरा असा निष्कर्ष काढला नाही. येशूची एकूण शिकवण असहकाराकडे नेते आणि करबंदी ही त्यातच आली, असे त्यांनी मांडले. ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मीठ उचलले आणि मे महिन्यात त्यांना अटक झाली.

मिठाचा कर मोडायला निघताना त्यांनी व्हाइसरॉयला आधी पत्र पाठवून कळवले होते, आणि मीठ उचलले ते जगाच्या डोळ्यांदेखत. माझे स्वयंपाकघराचे बिल कोऱ्या चिठ्ठीवर होते. त्यावर दुकानाचे नावसुद्धा नव्हते. रस्त्याचे कारण मी रिक्षात पुढे केले, पण त्या वेळी रस्ता माझ्या मनातही नव्हता.

मावशींना हा विषय इतका जवळचा का, ते मला दुसऱ्या दिवशी दुकानाकडे जाताना कळले. त्यांचे यजमान जकात नाक्यावर कारकून होते. मराठी बायबलात कर गोळा करणाऱ्यांना ‘जकातदार’ म्हटले आहे, आणि शुभवर्तमानात त्यांची गणना नेहमी पापी लोकांच्या जोडीने होते. “रविवारी प्रार्थनेला गेलो की कोणीतरी थट्टा करायचंच. आले जक्कय!” मावशी सांगत होत्या. यरीहोचा हा जक्कय जकातदारांचा मुखिया, बुटका, येशूला बघायला झाडावर चढलेला. लुबाडलेल्यांना चौपट परत देईन असे त्याने कबूल केले. त्याने नोकरी सोडली असे मात्र कुठे लिहिलेले नाही. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानानेही जकातदारांना काम सोडा म्हटले नव्हते, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका एवढेच सांगितले होते. मावशींच्या यजमानांनी लूकमधल्या त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारलेली आहे. मी आदल्या रात्री ती पाहिली होती, पण कोणी मारली ते माहीत नव्हते.

“एकदा ट्रकवाला दिवाळीचं म्हणून पाकीट ठेवून गेला,” मावशी म्हणाल्या. “थोरलीची फी थकली होती. यांनी पाकीट परत केलं, आणि घरी येऊन माझ्यावरच चिडले. रात्रभर बोलले नाहीत. चांगलं काम केल्याचा आनंद वगैरे काही नव्हता हो. फीचं काय, हाच प्रश्न होता.” फी शेवटी बांगडी मोडून भरली. जकात नाके आता राहिले नाहीत. मुंबईची जकातही १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा संपली. मावशींचे यजमान त्याआधीच गेले.

दुकानात मी पक्के बिल मागितले. दुकानदाराने एकदा माझ्याकडे, एकदा मावशींकडे पाहिले आणि प्रिंटरवरचे कापड काढले. शाई वाळली होती. मुलगा जाऊन नवी आणेपर्यंत आम्ही अर्धा तास बसलो. एकूण ४१,३०० रुपये. मला काही उदात्त वगैरे वाटले नाही, ६,३०० रुपये गेल्याचेच वाटत होते. घरी नवऱ्याने बिल दोनदा वाचले आणि म्हणाला, “आता गवंड्याला काय सांगणार आहेस?” गवंड्याचे अर्धे पैसे पुढच्या पगारावर ढकलले.

परतताना रिक्षावाल्याने नेहमीप्रमाणे गल्लीच्या तोंडाशीच उतरवले. फरश्यांच्या नमुन्याची पिशवी घेऊन आम्ही दोघी खड्डे चुकवत चालत आलो. संध्याकाळी मावशी वहीचा कागद घेऊन आल्या. रस्त्याबद्दल महापालिकेला अर्ज लिहायचा होता. मजकूर मी लिहिला, जिन्यातल्या चौदा घरांच्या सह्या त्यांनी गोळा केल्या. अर्ज देऊन तीन आठवडे झाले. पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही. येत्या सोमवारी पुन्हा जायचे ठरले आहे.