‘मन घट्ट कर’ हे औषध नव्हे



दुखण्याखुपण्याची विचारपूस करण्याची आपली रीत मोठी आपुलकीची आहे. कुणाला कावीळ झाली, की दहाजण पथ्य सांगायला येतात; कुणाचा पाय मोडला, की त्याची वही दुसरा लिहून देतो. पण तोच मित्र जर म्हणाला, ‘महिना झाला, कशातच मन लागत नाही. पहाटे तीनला जाग येते. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसतात, पण डोक्यात शिरत नाहीत,’ तर आपल्यापाशी एकच उत्तर तयार असते : ‘अरे, मन घट्ट कर!’ या तीन शब्दांविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. ज्या भाषेत समर्थांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक रचले, त्या भाषेत मनाला बोध करण्याची सवय असणे स्वाभाविकच. परंतु बोध ऐकण्यासाठी मन धडधाकट हवे. नैराश्याच्या आजारात घाव बसतो तो उमेदीवर आणि निश्चय करण्याच्या शक्तीवरच. अशा माणसाला मन घट्ट करावयास सांगणे म्हणजे विहिरीत पडलेल्याला ‘तूच दोर हो आणि तूच वर ये’ असे सांगणे होय.

परीक्षेतील अपयश, प्रेमभंग, घरातील मृत्यू यांनी उदास होणे हा आजार नव्हे. ते जिवंत मनाचे लक्षणच आहे. पण उदासी किंवा कशातच रस न वाटणे ही अवस्था दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवडे टिकली आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, ‘आपण कुचकामी आहोत’ असे वाटू लागले, तर तिची तपासणी व्हायला हवी. चिंतेचेही तसेच. पेपरच्या आदल्या रात्री पोटात गोळा येणे वेगळे आणि कारण नसता एकाएकी छाती धडधडणे, श्वास कोंडणे, ‘आता संपलो’ असे वाटणे वेगळे. असा भीतीचा झटका आलेला मुलगा हृदयविकार समजून दवाखान्यात धावतो. कार्डिओग्राम स्वच्छ निघतो आणि ‘तुला काही झालेलं नाही’ म्हणून त्याची बोळवण होते. वास्तविक त्याच्या हृदयाला काही झालेले नसते, एवढाच त्याचा अर्थ!

‘ही सारी पाश्चात्त्यांची खुळे, आमच्या आजोबांना कुठे समुपदेशक लागला?’ असे कुणी म्हणेल. पण पुन:पुन्हा हात धुण्याच्या, कडी तपासण्याच्या आजाराला आपले डॉक्टर आजही ज्या शब्दाने ओळखतात, तो ‘मंत्रचळ’ हा शब्द मराठीच आहे. आजार होता म्हणूनच शब्द होता. उणीव होती ती उपचाराची.

ती उणीव आजही पुरती भरलेली नाही. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत केलेल्या सर्वेक्षणानुसार, शंभर प्रौढांमागे सुमारे दहाजण कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने त्रस्त होते. आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. याला पैसा आणि डॉक्टरांची टंचाई ही कारणे आहेतच. पण आणखी एक कारण आपल्या कट्ट्यावर बसलेले असते. ‘याला येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याला खाट रिकामी आहे का बघा’ असे विनोद आपण रोज करतो. ते ऐकून हसणाऱ्या पाचांपैकी एखादा घरी जाऊन ठरवतो, की आपले दुखणे कुणालाही सांगायचे नाही.

सांगायचे तर कुणाला? प्रथम घरच्या डॉक्टरांना सांगावे. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकाची पदवी घेतलेला डॉक्टरच असतो, तो औषध देतो. मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून, विचारांची पद्धत बदलण्यातून उपचार करतो. पुष्कळदा दोन्हींचा मेळ लागतो. नैराश्यावरील औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. त्यांचे झोपेच्या गोळ्यांसारखे व्यसन लागत नाही. मात्र ती आपल्या मनाने बंद करू नयेत. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत, विनामूल्य बोलता येते. आणि मित्राने ‘जगावंसं वाटत नाही’ असे म्हटले, तर विषय बदलू नका. ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट ओझे हलके होते. त्याला एकटे सोडू नका, सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

शेवटी एक मागणे गुरुजनांकडे. हजेरी कमी पडली, की ‘टायफॉईड’ लिहिलेला दाखला चालतो. ‘नैराश्य’ लिहिलेला दाखला आणण्याचे धैर्य किती जणांना होईल? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे, आणि विमा कंपन्यांनीही मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे असे बजावले आहे. विमा कंपनीला जे बंधनकारक, ते विद्यामंदिराला जड का जावे? तीन आठवडे न दिसलेल्या विद्यार्थ्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिताना एकदा त्याची चौकशी व्हावी, आणि महाविद्यालयात समुपदेशकासाठी एक खोली असावी. तीही कार्यालयाच्या रांगेसमोर नव्हे, जरा आडोशाला. मन घट्ट करण्याची जबाबदारी एकट्या रुग्णावर टाकून आपण सारे मोकळे झालो आहोत. तिचा थोडा वाटा आता आपणही उचलला पाहिजे.